‘ड्रूप’ला मराठीत काय म्हणायचं?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. पक्षाघाताची लक्षणं सांगणाऱ्या त्या पत्रकात ‘फेस ड्रूपिंग’साठी तू ‘चेहरा लोंबणे’ लिहिलंस आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकलंस. तुझी शंका बरोबर आहे. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सावकाश लिहावं असं वाटलं.

शब्द जुना आहे. प्राचीन नॉर्स भाषेतल्या ‘द्रूपा’वरून तो इंग्रजीत आला. मान खाली घालणं, खाली लवणं, असा त्याचा मूळ अर्थ. ‘ड्रॉप’ त्याच्याच कुळातला, पण ड्रॉप म्हणजे सुटलं आणि पडलं. ड्रूपमध्ये वरचा आधार सुटलेला नसतो, फक्त ताठा गेलेला असतो. देठ फांदीला आहे, फूल मात्र जमिनीकडे बघतंय.

मराठीत या सगळ्याला एक शब्द पुरत नाही. काय खाली आलंय ते आपण आधी पाहतो आणि मग क्रियापद निवडतो. रोप मान टाकतं. फांदी फळांनी लवते. पापण्या जड होतात, खांदे पडतात, उमेद खचते, तापातलं मूल मलूल होतं. दोन खांबांमधल्या तारेला झोळ पडतो, पण तिथे इंग्रजीतही बहुधा ‘सॅग’ येईल. आणि लोंबते ती फाटलेली बाही किंवा सैल सुटलेली दोरी.

‘कोमेजणं’ वापरताना जप. भर दुपारी पानांतून पाणी उडून जातं, मुळांना तितक्या वेगानं ते पुरवता येत नाही. पेशींमधला पाण्याचा दाब उतरतो आणि रोप मान टाकतं. संध्याकाळी तेच पुन्हा ताठ उभं राहतं, म्हणजे ते कोमेजलेलं नव्हतं. पाणी जास्त झालं तरी मुळांना हवा मिळत नाही आणि पानं तशीच खाली येतात. ड्रूप फक्त काय दिसतंय तेवढं सांगतो, ते कशामुळे झालं हे सांगत नाही. अनुवादात कारण आपल्या पदरचं घालू नये.

माझ्या तोंडी हा शब्द वीजकेंद्रात बसला. जनित्रावरचा भार वाढला की त्याचा वेग थोडा उतरू द्यायचा, त्या उताराला आम्ही ड्रूप म्हणायचो. पाच टक्के ड्रूप म्हणजे भार शून्यापासून पूर्ण होईपर्यंत वेगात पाच टक्क्यांची घट. नवख्याला हा दोष वाटतो. पण दोन जनित्रं एकत्र चालताना दोन्हींनी एकाच वेगाचा हट्ट धरला, तर एकानं सगळा भार ओढावा आणि दुसऱ्यानं सोडावा अशी ओढाताण लागते. दोघांनी थोडं नमतं घेतलं की भार वाटला जातो. कॉंकॉर्ड विमानाचं नाकही असंच मुद्दाम खाली वाकवत, उतरताना साडेबारा अंशांपर्यंत, कारण वैमानिकाला धावपट्टी दिसायला हवी. इथे ‘मलूल’ किंवा ‘खचलेलं’ म्हटलं तर अर्थच उलटा होईल.

आठळीच्या फळालाही वनस्पतिशास्त्रात ‘ड्रूप’ म्हणतात. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण तो लॅटिनमधून आलेला वेगळा शब्द. मतमोजणीतला ‘ड्रूप कोटा’ हे हेन्री रिचमंड ड्रूप यांचं आडनाव आहे, त्याचा अनुवाद करायला जाऊ नकोस.

आता तुझी ओळ.

तुझ्या आजीला झटका आला त्या सकाळी तिच्या ओठाचा एक कोपरा खाली आला होता. चहा त्या बाजूनं ओघळत होता. मी म्हणालो, रात्रभर एका कुशीवर झोपली असेल. दुपार होईपर्यंत आम्ही वाट पाहिली. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, हे मला नंतर कळलं. तिचा उजवा हात पुन्हा कधी नीट उचलला गेला नाही. तुझं पत्रक तेव्हा घरात असतं आणि त्यात ‘चेहरा लोंबणे’ लिहिलेलं असतं, तरी मला ते ओळखता आलं नसतं. शेजारच्या काकू आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “अहो, यांचं तोंड वाकडं झालंय!”

हाच शब्द घे. कुणी म्हणेल, ‘तोंड वाकडं’ म्हणजे नापसंती. ती ‘तोंड वाकडं करणं’मध्ये असते, ‘होणं’मध्ये नाही, आणि घराघरांत पक्षाघाताला लोक ‘तोंड वाकडं झालं’ असंच म्हणतात. ‘मुखाचा एकतर्फी अवपात’ असलं काही कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. मी असं लिहिलं असतं:

‘तोंड एका बाजूला वाकडं झालंय का? हसायला सांगा. ओठाचा एक कोपरा वर जात नसेल, तर थांबू नका. लगेच रुग्णालयात न्या. हे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा.’

वेळेचं वाक्य तुझ्या मसुद्यात नाही. डॉक्टर तेच आधी विचारतात, म्हणून ते नक्की घाल. हाताच्या आणि बोलण्याच्या ओळी चांगल्या उतरल्यात, त्यांना हात लावू नकोस. दुरुस्त केलंस की छापायच्या आधी मला पाठव.

तुझा,
बाबा