चाचा, आबांची रायफल वाचली

चाचा, सलाम. त्या दिवशी तुमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आन् बोलायचं ते राहूनच गेलं, म्हणून इथं चारचौघांत लिहितोय, पोरगा वाचून दाखवील तुम्हाला.

सप्टेंबर 2025 ला सीना नदीचं पाणी घरात घुसलं तेव्हा आम्ही सगळे माळवदावर आन् आबांची तीनशे पंधरा बोअरची रायफल खाली लोखंडी कपाटात. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. 1972 ला शिकारीवर कायदा आला आन् त्याच साली दुष्काळ, आबा म्हणायचे दोन्ही एकदमच बसले माझ्या डोक्यावर. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर बोल्टपासून (काडतूस आत ढकलतो तो मागचा दांडा) नळीपर्यंत नुसता गाळ.

खरं सांगतो, पहिला फोन तुम्हाला नव्हता केला, मेहुण्याला केलता. तो म्हणला उन्हात टाक आन् एक बार काढ, सगळं पाणी निघून जातंय. मी अंगणात बाज पण टाकलती. मग काय वाटलं काय माहीत, तुम्हाला फोन लावला, आन् तुम्ही असं ओरडलात की बायकोला चुलीपाशी ऐकू गेलं. नळीत गाळ अडकलेला असताना गोळी सुटली तर नळी फुगती नाहीतर फुटती, ती पण आपल्या तोंडापाशी. बोल्ट माघारी ओढ, आत काडतूस नाही ना ते बघ, मॅगझीन काढ, मग पुढचं बोलू. आन् फडक्यानं पुसू नको, गाळात वाळू असती, ती लोखंड ओरबाडती.

"पाण्यात होती तवर बरी होती, आता हवा लागली की तासातासाला गंज चढतोय," हे तुमचं वाक्य डोक्यात बसलंय. स्वच्छ पाण्यानं धुतली, नळीतून मागच्या बाजूनं पाणी सोडलं, लाकूड सोडवलं, बोल्ट डिझेलच्या डब्यात बुडवला, नळीला आतून-बाहेरून डिझेल लावलं, आन् लायसन खिशात घालून दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात.

आपण वरून बघतो तिथं गंज कमीच होता. खरा गंज लाकडाखाली, नळी बसती त्या खाचेत, कारण भिजलेलं लाकूड तिथं पाणी धरून ठेवतं. मी सँडपेपर आणू का म्हणलं तर तुम्ही नुसतं बघितलं माझ्याकडं. लांब भांड्यात नळी उकळलीत आन् लाल गंजाचा काळा थर झाला, मग बारीक लोखंडी काथ्यानं हलक्या हातानं घासला, नळीवरची जुनी निळाई, म्हणजे गंज धरू नये म्हणून दिलेला निळा-काळा थर, बऱ्यापैकी राहिली. आत दोन-चार खड्डे पडलेत ते तुम्ही लपवले नाहीत, उजेडाकडं धरून मलाच दाखवले. बोल्ट सगळा खोलला, स्प्रिंगच्या वेटोळ्यातून कुठं कुठं गाळ निघाला, बापरे.

भिजलेली 11 काडतुसं वाळवून वापरू का विचारलं होतं, त्याची आता लाजच वाटती. पोलीस ठाण्यात जमा केली, पावती आहे.

कुंदा, म्हणजे रायफलीचं लाकूड, तुम्ही म्हणल्यासारखा सावलीतच ठेवला, उन्हात वरून वाळतो आन् आतून ओला राहतो म्हणून तडकतो हे आता मी गावात दुसऱ्यांना शिकवतोय. महिना लागला. आता जवसाचं तेल चढवतोय, पातळ हात देऊन, वाळलं की परत. जवस आपल्याच रानातलं, पुरातून वाचलेलं मागच्या सालचं पोतं.

हुरड्याला नक्की या चाचा. मेहुण्याला पण बोलावलंय, त्याला समोर बसवून ते बार काढायचं परत एकदा सांगा.