एक हातमोजा पुरत नाही

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल निखिलच्या तोंडून निसटलं. क्लेबसिएला जंतूंचं काम करताना तुझा हातमोजा फाटला, बोटाला सुई लागली, आणि हे त्याला केव्हाचं ठाऊक होतं. मला मात्र ‘ताई बिझी आहे’. डॉक्टरांना दाखवलंस, ताप आला नाही, बोट बरं आहे, हेही त्यानेच सांगितलं. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तर कामाचं. जंतू मारायला तू अमिनो आम्लं जोडून केलेल्या नव्या साखळीने, म्हणजे पेप्टाइडने, जंतूंबरोबर रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडल्या म्हणून तू रडलीस म्हणे. अगं, गणपतीत मोदकाच्या पाऱ्या करता करता तूच मला समजावलं होतंस ना? पेप्टाइडवर धन भार, जंतूच्या पडद्यावर ऋण, म्हणून ते तिथे चिकटतं आणि भोकं पाडतं. आपल्या पेशींवर बाहेरून तसा भार फारसा नसतो, शिवाय कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या वाचतात. पण ल्युसिन, ट्रिप्टोफॅन अशी तेलकट अमिनो आम्लं जास्त झाली की साखळी आपल्या पेशींनाही सोडत नाही. मग त्यात रडण्यासारखं काय? ताटलीत कळलं हे चांगलंच झालं. भाऊमामाला कोलिस्टिन हे अँटिबायोटिक दिलं ते आठव. तेही पेप्टाइडच. मूत्रपिंडांना सोसत नाही म्हणून बाजूला पडलेलं, बाकीची औषधं हरल्यावर पुन्हा बाहेर काढलेलं. त्या रिपोर्टवर एकेका औषधापुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. तू बारावीत होतीस, तो कागद कुणाला देत नव्हतीस. जंतूवर कोलिस्टिन लागू पडलं, मूत्रपिंडं गेली.

तो जंतूही क्लेबसिएलाच होता, सायली. एक हातमोजा पुरत नाही. दोन घालायचे, वरचा फाटला तर खालचा असतो. सुईला टोपण परत लावायला जायचं नाही, सरळ डब्यात टाकायची. थकलेली असशील तर काम उद्यावर ढकल, जंतू कुठे पळून जात नाहीत.

झालं, लिहायचं नव्हतं ते लिहिलंच. रागावू नकोस. तुला हे माझ्याहून जास्त कळतं.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये स्टेरिलिटी टेस्टिंगला होते, तेव्हा आमच्या खोलीत बोलायचीसुद्धा बंदी. पेनिसिलिनचा नमुना जंतू वाढवायच्या माध्यमाच्या नळीत घालायचा, उबवायचा आणि वाट बघायची. नळी गढूळ झाली की अख्खा लॉट अडकला. गंमत म्हणजे नळीत पेनिसिलिनेजही घालावं लागे, नाहीतर औषधच जंतू मारणार आणि नळी खोटी स्वच्छ दिसणार. म्हणजे जंतूंनी पेनिसिलिन फोडायला बनवलेलं हत्यार आम्ही रोज मापून वापरत होतो, त्याची भीती अशी कधी वाटली नाही. पुढे ज्याच्या नावात नवी दिल्ली चिकटली ते एनडीएम नावाचं जंतूंचं एन्झाइम आलं, ते कार्बापेनेम ही राखून ठेवलेली औषधंही फोडतं. कोलिस्टिन उरलं होतं, तर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की त्याला न जुमानणारा जीनही एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातोय. रिटायर झालेल्या बाईने हे वाचत बसू नये असं बाबा म्हणतात. मी वाचते. कॉलनीतल्या बायकांना तुझ्याबद्दल सांगायला गेले की ‘पेप्टाइड’ म्हणताच त्या क्रीमच्या जाहिरातीकडे वळतात, मग मी त्यांना नीट अर्धा तास समजावते.

त्या झॅस्लॉफ नावाच्या शास्त्रज्ञाचं तू सांगितलेलं मला फार आवडलं होतं. बेडकांवर शस्त्रक्रिया करायची, स्वच्छ नसलेल्या टाकीत सोडायचं, तरी जखमा चिघळत नाहीत. हे ‘असं का’ म्हणून विचारणारा तोच. १९८७ मध्ये त्याने बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन हे पेप्टाइड काढलं. त्यावरून बनवलेलं पेक्सिगानान मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी होतं, ते १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नाकारलं. इतकी वर्षं जातात आणि शेवटी ‘नाही’. हे तुला धीर यावा म्हणून लिहायला घेतलं होतं, आता वाचताना तसं वाटत नाही. तरी राहू दे. तुझी साखळी वीस अमिनो आम्लांचीही नाही, पण ती आधी कुठल्याच बेडकाने केलेली नाही, तू केलीस. हे मी त्या बायकांनाही सांगितलं.

त्या काचेमागे काम करताना केस बांधतेस ना? आणि लस घेतलीस का, कावीळ-बीची? क्लेबसिएलावर तिचा उपयोग नाही हे मला कळतं, तरी विचारते.

उलट्या हाताची, डी-अमिनो आम्लं घालून बघणार होतीस, रक्तातले एन्झाइम ती सहज तोडत नाहीत म्हणून. त्याचं काय झालं? तांबड्या पेशींचा पुढचा आकडा आला की मला कळव, आधी मला, मग निखिलला. बाबांना सुईचं काही सांगितलेलं नाही. रविवारी फोन स्पीकरवर असतो, तेव्हा विषय काढू नकोस.

तुझी,
आई