गाडी लावायला जाताना

अमळनेर,
बुधवार, रात्री

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला आणि तुझे बोलणे पुरे होण्याआधीच मी फोन ठेवून दिला, ते मला तीन दिवस खात आहे. पत्र लिहायचे मी टाळत होतो, कारण लिहायला बसलो की तोच प्रश्न पुन्हा लेखणीतून उतरेल हे मला ठाऊक होते, आणि तो उतरतोच आहे. आईला घेऊन मुंबईत परळच्या रुग्णालयात गेल्यावर गाडी कुठे लावशील? तू म्हणालास, "आबा, आता पार्किंग मोबाईलवर दिसते, तुमचे दिवस गेले." तुझे म्हणणे खरे असेल. परंतु मी जे विचारत होतो ते मोबाईलवर दिसणारे नव्हते आणि मला ते नीट सांगताही आले नाही. उद्या सकाळी जिभाऊ जळगावला बाजार समितीत येणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र पाठवतो. शुक्रवारच्या आत ते वाच, एवढी विनंती आहे.

तुझी गाडी मला आवडली नाही असा तुझा समज झाला असेल तर तो आधी मनातून काढून टाक. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तू ती दारात आणलीस, तुझ्या आजीने, जिजीने तिला हळदकुंकू लावले आणि तू आपल्या बोळातून, दोन्ही बाजूंना दोन बोटे जागा उरलेली असताना, एकही ओरखडा न उठवता ती उलटी बाहेर काढलीस, तेव्हा ओट्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे मी मुद्दाम पाहत होतो. त्यांना हे दिसावे अशी माझी इच्छा होती. एकतीस वर्षे स्टिअरिंग हातात धरलेल्या माणसाच्या मुलाने स्वतःच्या कमाईची गाडी घेतली आणि ती तो बापापेक्षा शांत डोक्याने चालवतो, हे सुख लहान नाही. तेव्हा प्रश्न तुझ्या चालवण्याचा नाही. प्रश्न गाडी थांबवण्याचा आहे.

मी अकरा वर्षे रातराणी मुंबईला नेली. पहाटे गाडी मुंबई सेंट्रलच्या आगारात शिरली की तिची जागा ठरलेली असे. ती लावायची, तोंड धुवायचे आणि विश्रांतीगृहात आडवे व्हायचे. त्या अकरा वर्षांत मुंबईत गाडी कुठे ठेवावी हा प्रश्न मला एकदाही पडला नाही आणि त्यामुळे मुंबई आपल्याला कळते असे मला वाटू लागले. एस.टी.ला त्या शहरात हक्काचे घर असते, आपल्या गाडीला ते नसते, एवढी साधी गोष्ट मला १९९८ मध्ये कळली. तू तेव्हा दुसरीत होतास. तुला त्यातले फार थोडे ठाऊक आहे.

तुझ्या आजोबांना अन्न गिळता येईना म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली. मी शेजारच्या अण्णांची जीप मागून घेतली. रुग्णालयाच्या फाटकाशी थांबू देईनात, मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हा मी आजोबांना आणि जिजीला फाटकात उतरवले आणि "दहा मिनिटांत गाडी लावून येतो" असे सांगून निघालो. भोईवाड्याकडे जागा नव्हती. हिंदमाताकडे गेलो, तिथून दादरकडे ढकलला गेलो, वळून पुन्हा परळ नाक्यावर आलो; एका गल्लीत जागा दिसली तर तिथे एकेरी वाहतूक, दुसरीत दिसली तर दुकानदार हात हलवून हाकलू लागला. शेवटी शिवडीकडच्या रस्त्याला एका बंद गोदामाच्या भिंतीशी जीप उभी केली आणि तिथून धावत-चालत परत आलो. दीड तास गेला होता. तेवढ्यात आजोबांचा नंबर पुकारून झाला होता, तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी जे सांगायचे ते जिजीला सांगून टाकले होते. जिजीला अहिराणीपलीकडे फारसे समजत नव्हते. ती नुसती मान हलवत राहिली होती. मी पोहोचलो तेव्हा दोघे बाकावर बसलेले होते, कागद जिजीच्या पदरात गुंडाळलेला होता, आणि आजोबा एवढेच म्हणाले, "कथा गयथा रे पोऱ्या?"

त्यानंतर ते चार महिने जगले. कुठे गेला होतास, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले होते, जागा मिळाली नाही म्हणून सांगितले होते, आणि त्यांनी ते मानलेही होते. मला मात्र ते आजवर पुरेसे वाटलेले नाही.

हे लिहायचे नव्हते. तुझ्या आईच्या गाठीविषयीही लिहायचे नाही असे मी ठरवले होते, आणि तिच्यासमोर तर आम्ही दोघे तो शब्द उच्चारतही नाही. जळगावच्या डॉक्टरांनी घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले आहे आणि परळला केवळ दुसरे मत घ्यायचे आहे, हे मला पाठ आहे. जिजीला एकटे ठेवता येत नाही म्हणून मी येऊ शकत नाही आणि परीक्षेच्या कामामुळे सूनबाईंना सुट्टी नाही. म्हणजे गाडीत तू, तुझी आई आणि चिऊ. तू गाडी लावायला गेलास की फाटकाशी एक गुडघे दुखणारी बाई आणि सात वर्षांची मुलगी उरते. माझे म्हणणे फक्त एवढ्यावरच अडलेले आहे. तिला तिथे एकटी सोडू नकोस.

म्हणून माझा आग्रह असा की गाडी मुंबईच्या आत नेऊच नये. शुक्रवारी रात्री दहाला निघून रात्रभर चालवायचे आणि शनिवारी सकाळी अकराच्या वेळेला हजर व्हायचे, या बेताऐवजी शुक्रवारी अर्धी रजा टाक आणि दुपारी इथून निघा. रातराणीचा चालक दिवसा झोपलेला असे. तू दिवसभर कचेरीत बसून निघणार आहेस. राहुड घाट उजेडात पार होईल, चांदवडला रेणुकामातेचे दर्शन घेऊन चहा होईल आणि नाशिकच्या पुढे तुला कसाऱ्याचा घाट उतरावा लागणार नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आहे आणि त्यात जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा आहे. चिऊला तो बोगदा आवडेल. त्या रस्त्यावर जास्त वेगाची मुभा आहे म्हणून तेवढ्या वेगाने जावेच असे नाही. निघण्यापूर्वी चारही चाकांची हवा तपासून घे, स्टेपनीचीही. आमण्याला उतरल्यावर भिवंडीच्या बाजूला गर्दी लागेल, तिथे चिडू नकोस.

रात्री कुसुममावशीकडे ठाण्याला मुक्काम करा. तिच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा आहे, मात्र आधी रखवालदाराकडे गाडीचा नंबर लिहून द्यावा लागतो. मी काल तिला फोन करून एमएच १९ चा तो नंबर कळवून ठेवला आहे. तुला न विचारता हे केले, त्याबद्दल रागावू नकोस. गाडी दोन दिवस तिथेच राहू दे. शनिवारी सकाळी आठला टॅक्सी बोलाव. पैसे जास्त जातील, ते माझ्याकडून घे. टॅक्सी दारात उतरवते आणि निघून जाते, तिच्यासाठी कोणाला जागा शोधावी लागत नाही, आणि त्या दिवशी आपल्याला विकत घ्यायचे आहे ते नेमके हेच.

ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल नाही. तो वाचतो म्हणून गाडी आत नेण्याचा मोह अनेकांना होतो, हे मी जाणतो. पण आत गेल्यावर परळची स्थिती मी पाहिली होती त्यापेक्षा सोपी झालेली नाही. एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, तेव्हापासून परळहून प्रभादेवीकडे जायचे म्हटले तरी वळसा पडतो, आणि नकाशा मिनिटे दाखवतो तेवढ्या मिनिटांत माणूस पोहोचतोच असे नाही. चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेली तर तू डॉक्टरांपुढे बसायचे सोडून वाहतूक चौकी शोधत फिरशील.

आणि हे सगळे ऐकूनही गाडी नेणारच असशील तर निदान क्रम उलटा कर. आधी सगळ्यांना गाडीत बसवूनच पैसे देऊन लावायची जागा शोध, भले ती रुग्णालयापासून दूर असो. गाडी लाव, कुलूप लाव, आणि मग तिघे मिळून टॅक्सीने फाटकाशी जा, अंतर अर्धा किलोमीटर असले तरी. दारात पोहोचताच चाकाची खुर्ची माग. तुझी आई "मी चालेन" असे म्हणेल, तिचे ऐकू नकोस. अकराची वेळ असली तरी नऊला तिथे असा.

मी पुन्हा पाठ घ्यायला लागलो. तू चौतीस वर्षांचा आहेस, दोन वेळा कंपनीच्या कामासाठी एकटा गुजरातभर गाडी फिरवून आला आहेस आणि मी तुला चाकांची हवा तपासायला सांगतो आहे. माफ कर. ज्याला स्वतः एकदा जमले नाही तो माणूस सूचना फार करतो.

रविवार मात्र चिऊचा आहे, तो तिला पुरता मिळू दे. तिने मला सांगितले आहे की तिला समुद्र "काठावर बसून" पाहायचा आहे, गाडीच्या काचेतून नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा कोणत्या मार्गावर किती वेळ आहे ते शनिवारी रात्रीच पाहून ठेव. मला विचारशील तर सकाळी टॅक्सीने सिद्धिविनायकाला जा आणि तिथून पुढे भुयारी मेट्रो घ्या. आरे ते कफ परेड ही पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून चालू आहे, सिद्धिविनायकाचे स्वतंत्र स्थानक आहे आणि तिच्या स्थानकांत उद्वाहक आहेत, म्हणजे आईला दादरच्या पुलाचे जिने चढावे लागणार नाहीत. चर्चगेटला उतरलात की मरीन ड्राइव्ह चालत जाण्याजोगे आहे आणि तिथे बसायला लांबच लांब कठडा आहे. शीव-माहीमच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा मिळत नाही, हे विसरून रिक्षाची वाट पाहत उन्हात उभे राहू नका. काळी-पिवळी टॅक्सी करा, तिचे कमीत कमी भाडे ३१ रुपये आहे आणि मीटर टाकायला सांगायला संकोच वाटू देऊ नका.

तुझ्या आईने मरीन ड्राइव्ह एकदाच पाहिला आहे, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मला साप्ताहिक सुट्टी होती, माझ्याच आगाराच्या गाडीने आम्ही गेलो आणि संध्याकाळी परतीच्या गाडीला तीन तास होते. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि कठड्यावर बसून राहिली. काहीही बोलली नाही. परतताना तिने विचारले होते की हे पाणी रात्री कुठे जाते. त्यानंतर तिला घेऊन पुन्हा जाऊ असे मी पुष्कळदा म्हणालो, आणि मी मात्र दर आठवड्याला जात राहिलो, एकटा. तिला तिथे बसव. घाई करू नकोस.

डॉक्टर बोलत असतील तेव्हा तू तिच्या शेजारी खुर्चीवर बस, मागे उभा राहू नकोस. ते जे सांगतील ते कागदावर लिहून घे आणि तिला आपल्या बोलीत तिथेच समजावून सांग; घरी गेल्यावर सांगतो, असे म्हणू नकोस. चिऊला त्या वेळी खोलीत ठेवायचे की बाहेर बसवायचे, हा निर्णय तुझा. बाहेर बसवलेस तर तुझ्या नजरेत राहील अशा ठिकाणी बसव.

शनिवारी सकाळपासून मी फोन जवळ घेऊन ओट्यावर बसलेला असेन. मधेच करू नकोस, मला राग येणार नाही. खोलीतून बाहेर आलात की आधी तिला पाणी दे, आणि मग तिच्याच हातात फोन दे.

तुझा,
आबा

ता. क. जिजीला तुम्ही मुंबईला चालला आहात एवढेच सांगितले आहे, कशासाठी ते सांगितलेले नाही. तरी तिने आज संध्याकाळी मला विचारले, "गाडी कोण लायी?" मी म्हणालो, निलेश लावेल. तिने मान हलवली.