गावाला जाणाऱ्या गाडीवाल्यांसाठी

मंडळी, मे महिन्यात गाडी महिनाभर पार्किंगमध्ये उभी ठेवणार असाल तर जायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ वगैरे थोडा थोडा करंट खातच असतात आणि बॅटरी उतरली की आल्यावर चावी फिरवली तरी नुसतं टकटक वाजतं. तसं झालंच तर जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून बंद गाडी चालू करायची वायर) वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. आधी लाल, दोन्ही पॉझिटिव्हला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही, ठिणगी उडते! चालू झाली की लगेच बंद करू नका, अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. ऑटोमॅटिकवाल्यांनी धक्का मारायला पोरं गोळा करू नयेत, उपयोग नाही. केबल परत ठेवा प्लीज.