विषाणूच्या नावाची भीती नको, बाळाचे श्वास मोजायला शिकवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळा आला की घरोघरी तान्ह्या बाळांची नाकं वाहायला लागतात आणि मोबाईलवर फॉरवर्ड पण लगेच सुरू. जानेवारी 2025 मधला एचएमपीव्ही आठवत असेल, बंगळुरूत दोन बाळांना निघाला आणि बघता बघता "नवा चिनी व्हायरस" म्हणून सगळीकडे बोंब झाली, खरं तर तो 2001 मध्येच नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी ओळखलाय. आणि बाळांना सगळ्यात जास्त दमवतो तो आरएसव्ही, श्वासाच्या मार्गाचा दुसरा एक व्हायरस, जो दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला एकदा तरी होऊन जातो, त्याचं नावही बऱ्याच आईबापांनी ऐकलेलं नसतं.

बहुतेक मुलांना त्याची साधी सर्दीच होते. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ, लवकर जन्मलेलं, हृदयात दोष असलेलं, यांच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज येते, त्यात चिकट कफ अडकतो आणि बाळाला धाप लागते, दूध ओढता येत नाही. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही तरी लोक मेडिकलमधून परस्पर आणतात, वर कफ सिरप. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपने गेली, त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपुरात आणली होती, तेव्हा केंद्र सरकारनेही सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी खोकल्याची सिरपं देऊच नका. तरी मागणारे मागतात आणि देणारे देतात, याचा मला फार राग येतो.

आईबापाला हवं ते एकच, घरी थांबायचं की पळायचं हे कळणं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दायांना सुद्धा श्वास मोजायला शिकवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि गावातच उपचार देऊन न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी केले, ते काम 1990 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मग हातात स्मार्टफोन असलेल्या आपल्याला का जमू नये?

बाळ शांत असताना कपडा वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात चाललाय, त्याच दिवशी डॉक्टर. आणि छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडलेत, श्वास मध्येच थांबतोय, अंगावर पीत नाही, तर आकडा मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बारशाला सर्दी झालेल्या पाहुण्याने बाळाचे पापे घेऊ नयेत हे स्पष्ट सांगायला लाजू नका, मी आजी असून सांगते. गरोदरपणात घ्यायची आरएसव्हीची लस आणि बाळाला द्यायचं, विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडीचं इंजेक्शन 2023 पासून अमेरिकेत मिळतंय, आपल्या गरीब घरांपर्यंत ते सरकारी दवाखान्यातून फुकट यायला हवं.

तुमच्याकडे विनंती एवढीच, जून ते फेब्रुवारी दर आठवड्याला हे 60-50-40 चे आकडे पहिल्या पानावर चौकटीत छापा, आणि खाली ॲम्ब्युलन्सचा 108 नंबर पण द्या, रात्री बेरात्री तोच लागतो.

— एक आजी, अमरावती