गोऱ्ह्याचा हिशेब कुठे अडतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर नारळाच्या बागेत मांसासाठी गुरं पाळण्याबद्दल आलेला मजकूर आमच्या गावात बराच फिरला. पारावर बसून दोघातिघांनी नारळाच्या जागी संत्रा टाकून हिशेबही मांडला, म्हणून हे पत्र.

फिजी, वानुआतूकडे हे जुनंच आहे. माड साडेसात मीटरवर, म्हणजे एकरी सत्तरेक. वीस-पंचवीस वर्षांनी झावळ्या उंच जातात, खाली ऊन उतरतं, गवत माजतं. ढोरांनी ते खाल्लं की पडलेला नारळ दिसतो आणि शेण जागच्या जागी पडतं. पण झावळी तोंडाच्या वर जाईपर्यंत तिकडेही बागेत जनावर सोडत नाहीत. आमचा संत्रा सहा मीटरवर, अन्‌ त्याच्या फांद्या जन्मभर ढोराच्या तोंडाशीच!

मी हे करून चुकलो आहे. मागच्या वर्षी बहार फुटला नाही, माल नव्हताच, तर निंदणाची मजुरी तरी वाचेल म्हणून श्रावणात गवळाऊ जातीचा गोऱ्हा अन्‌ एक कालवड बागेत सोडली. गोऱ्ह्याने आठ दिवसांत खालची नवती ओरबाडली. कालवड तर खोडावरची मोरचूद-चुन्याची पेस्ट चाटताना सापडली. मोरचूद विषारी, निळी जीभ पाहून माझे हातपाय गळाले. वाचली. पण काळ्या मातीत खुरांचे वाटीएवढे खड्डे पडले, त्यात पाणी साचून राहिलं, आणि दिवाळीपर्यंत दोन झाडांच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, म्हणजे डिंक्या रोग लागला.

आता पैशाचं. तिकडचा हिशेब जनावर कापायला विकून पुरा होतो. आपल्याकडे गाईला, तिच्या वासरांना 1976 च्या कायद्याचं संरक्षण होतंच, 2015 पासून बैल अन्‌ वळूही त्यात आले, म्हणजे वाढलेला गोऱ्हाही. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. कायदा बरा की वाईट, यावर मी भांडत नाही. माझ्या घरात गाईची पूजा होते. पण नांगरटी ट्रॅक्टरने होते, त्यामुळे जोडीला बैल हवा असलेला माणूस भेटला तरच बाजारात गोऱ्ह्याला गिऱ्हाईक. मी दोनदा गाडीभाडं भरून परत आणला.

मांसासाठीच जनावर पाळायचं असेल तर ही बंदी हल्याला, म्हणजे म्हशीच्या नराला नाही; प्रमाणपत्र मिळालं तर तो कापता येतो. आमच्याकडे म्हशीला हल्या झाला की दूध विकायच्या नादात त्याला महिनाभरही धड पाजत नाहीत, बिचारा हाडं दाखवत मरतो. बागेतलं गवत कापून, कुटार (भुसा) अन्‌ थोडी सरकीची ढेप देऊन तो दावणीलाच वाढवला तर वर्षाकाठी काय उरतं, हे कुणी जाणत्याने आपल्या पानावर रुपयांत मांडावं. नारळ आमच्या वावरात नाही, हल्या आहे.

गोऱ्हा अजून गोठ्यातच आहे. पोळ्याला शिंगांना बेगड लावू. जोडी नाही, तोरणाखालून एकटाच जाईल.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. आर्वी, जि. वर्धा