कॉम्बो लांब नको, लागणारा हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की सांगली-मिरजेतल्या घराघरांत आणि गेमिंग कॅफेंत स्ट्रीट फायटर 6 आणि टेकन 8 या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेमची जोडी जमते. घरचे याला ‘बटणं बडवायचा खेळ’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर निम्मी मुलं तशीच खेळतात. 2023 साली हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर 5 हा पदकाचा खेळ होता. तेव्हा तो नीट शिकण्याच्या लायकीचा आहे, यावर वाद नको. आमची तळमळ शिकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. व्हिडिओत पाहिलेला पंधरा फटक्यांचा कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ जोडून लागणाऱ्या फटक्यांची माळ, मुलं आठवडाभर घोकतात आणि प्रत्यक्ष लढतीत तो एकदाही लागत नाही.

कारण साधं आहे. तालमीत वस्ताद पोराला आधी पकड शिकवतात, डाव नंतर. कॉम्बोची पकड म्हणजे पहिला फटका. तो कशाने आणि कुठल्या अंतरावरून लागणार, हे ठरलेलं नसेल तर पुढचे चौदा फटके वाया.

स्ट्रीट फायटर 6 सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांवर चालतो. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: हात निघेपर्यंतच्या फ्रेम, मार लागण्याच्या फ्रेम आणि हात मागे येण्याच्या फ्रेम. फटका लागल्यावर तुम्ही समोरच्यापेक्षा 4 फ्रेम आधी मोकळे होत असाल, तर 4 फ्रेममध्ये पोहोचणारा फटका त्याला जोडता येतो, 5 फ्रेमचा नाही. याला लिंक म्हणतात. दुसरा प्रकार कॅन्सल. पहिला फटका लागताक्षणी स्पेशल मूव्ह, म्हणजे ठरावीक क्रमाने दिशा आणि बटण देऊन निघणारा खास डाव, दिली की हात मागे येण्याचा वेळ वाचतो. लिंकमध्ये मुलं घाई करतात, कॅन्सलमध्ये उशीर. दोन्हींची लय वेगळी असल्यामुळे सराव वेगवेगळा करावा.

नवख्याने रियू हे पात्र घ्यावं आणि दोनच कॉम्बो शिकावेत. पहिला शिक्षेचा: समोरच्याचा मोठा वार हुकला की बसून हेवी पंच, आणि तो लागतानाच शोर्युकेन. शोर्युकेन म्हणजे उडी घेत वर मारलेला ठोसा; तो पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच असा निघतो. बसलेलं असताना खाली-पुढे, खाली, खाली-पुढे एवढं दिलं तरी खेळ ते मान्य करतो, म्हणून अंगठा पार पुढे नेण्याची गरज नाही. दुसरा कॉम्बो जवळचा: बसून लाइट पंच दोनदा, मग शोर्युकेन.

या दुसऱ्या कॉम्बोतच सगळं शिक्षण आहे. डोळ्यांनी पाहून बोट हलायला साधारण पाव सेकंद, म्हणजे 15 फ्रेम लागतात. एकाच लाइट पंचवर ‘लागला की अडवला’ हे ओळखून निर्णय घेणं जवळजवळ अशक्य. दोन पंच मारले की तेवढा वेळ मिळतो. लागले तर शोर्युकेन, अडवले तर हात आखडता. अडवलेल्या शोर्युकेननंतर रियू हवेतून खाली येईपर्यंत उघडा असतो आणि समोरचा आपला सगळ्यात मोठा कॉम्बो निवांत लावतो. बहुतेक मुलांचे सामने इथेच जातात. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याचा, म्हणजे सरावासाठी उभ्या प्रतिस्पर्ध्याचा, गार्ड ‘रँडम’वर ठेवा. मग तो कधी अडवेल, कधी खाईल. ओळीने दहा वेळा योग्य निर्णय झाला पाहिजे. एक चुकला की मोजणी पुन्हा शून्यापासून. मग बाजू बदलून उजवीकडून तेच. उजवीकडचा सराव टाळणारे फार.

चूक कुठे होते ते अंदाजाने ठरवू नये. पडद्यावर इनपुटची, म्हणजे दिलेल्या दिशा आणि बटणांची, यादी लावता येते. खाली-पुढेच्या बाणाआधी पंचचं चिन्ह दिसलं तर बटण लवकर दाबलं गेलं. हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) मागितला आणि शोर्युकेन निघाला, तर तुम्ही पुढे चालत होता आणि ते ‘पुढे’ही खेळाने धरलं. चालणं थांबवून, हात क्षणभर मोकळा सोडून मग हादोकेन द्या.

ड्राइव्ह गेजचा, म्हणजे खास युक्त्यांसाठी खर्च होणाऱ्या पट्टीचा, हिशेब तर कुणी करतच नाही. एकूण 6 खाने. फटका कॅन्सल करून ड्राइव्ह रश (पुढे झपकन धाव) घेतला की 3 गेले, त्यात ओव्हरड्राइव्ह मूव्ह (स्पेशलचा जोरदार प्रकार) घातली की आणखी 2. उरला एक. समोरच्याचे फटके अडवतानाही गेज उतरतो, तोही संपला की बर्नआउट, म्हणजे गेज रिकामा. मग अडवलेल्या स्पेशलनेही रक्त जातं आणि ड्राइव्हची एकही युक्ती चालत नाही. शिवाय कॉम्बो लांबला की पुढच्या प्रत्येक फटक्याचा मार कमी होत जातो. शेवटच्या चार फटक्यांसाठी एवढी किंमत देणं सामना संपत असेल तरच परवडतं.

मॉडर्न कंट्रोल या सोप्या बटणांच्या पद्धतीला कमी लेखू नये. एका बटणावर निघणाऱ्या स्पेशलचा मार 20 टक्के कमी असतो, पण सुरुवातीला निर्णय शिकायला ते उत्तम.

साधनांबद्दल पालकांनाही थोडं. महाग कंट्रोलरची गरज नाही. मात्र साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदली जात नाही आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. आधी ते तपासा. टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ लावा, नाहीतर चित्र उशिरा दिसतं आणि वेळ साधत नाही. लॅपटॉप 60 फ्रेम देत नसेल तर ग्राफिक्स उतरवा. ऑनलाइन सामन्यासाठी वाय-फायपेक्षा केबल बरी.

दोन मित्र असतील तर पुतळा तरी कशाला? एकाने फक्त अडवायचं, तेही मनाला येईल तेव्हा. दुसऱ्याने फक्त दोन लाइट पंच आणि निर्णय. वीस मिनिटांनी भूमिका बदला. सामने त्यानंतर.

आपले,
फायटिंग गेम खेळणारे काही जण,
विश्रामबाग, सांगली